मागे कोणी नाही

सोमवार, २ जानेवारी

निरोपाच्या दिवशी कारखान्यातल्या लोकांनी मला एक मनगटी घड्याळ आणि ही वही दिली. घड्याळ कशाला ते कळलं नाही. चौतीस वर्षं भोंग्यावर उठलो-बसलो, आता वेळ बघून जायचं कुठे? वही निदान उपयोगी आहे. हातांना काहीतरी चाळा हवाच.

आज निवृत्तीचा तेहतिसावा दिवस. घरातले नळ, बिजागऱ्या, खिडक्यांच्या कड्या, सगळं दुरुस्त करून झालं. जे बिघडलेलं नव्हतं तेही उघडून पुन्हा बसवलं. सकाळी शिलाई मशीनचं चाक काढत होतो, तर ही समोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, माझ्या मशीनला हात लावलात तर याद राखा." इतकं खणखणीत ती हल्ली क्वचितच बोलते. बावीस वर्षं वाचनालयात काढल्यामुळे तिला कुजबुजायची सवय जडली आहे. घरातही आजूबाजूला कोणी वाचत बसलंय असं समजून बोलते.

दुपारी तिने एक कागद पुढ्यात ठेवला. वाचनालयाच्या फळ्यावरून आणलेला. दर रविवारी सकाळी माणसांना निसर्गात पायी फिरवून आणणारं कुठलंसं मंडळ. दोघांची नावं तिने आधीच देऊन टाकली आहेत. मी म्हटलं, मला झाडाझुडपांतलं काय कळतं? मी पत्र्यातला माणूस.

"म्हणून तर," ती म्हणाली. "झाडं तुम्हाला उघडून पुन्हा बसवता येणार नाहीत."

रविवार, ८ जानेवारी

बसच्या शेवटच्या थांब्यापासून चालायला सुरुवात. एक जुनी दगडाची खाण, तिच्यामागे टेकडी, टेकडीवर बऱ्यापैकी दाट झाडी. आम्ही एकूण चौदा जण. म्होरक्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बाई म्हणतात. सत्तरीच्या, काटक, गळ्यात दुर्बीण. मी प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या विभागाचा, फोरमन होतो हे कळल्यावर त्यांनी माझं नावच 'फोरमन' करून टाकलं. आता सुटका नाही.

मंडळाचे कायदे त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याची शिट्टी. एकदा वाजली की जागेवर थांबायचं, दोनदा वाजली की जमायचं, तीनदा म्हणजे कोणीतरी संकटात. सगळ्यात शेवटी चालणाऱ्याच्या दंडाला लाल फडकं. त्याला शेपूट म्हणतात. शेपटाने कोणालाही मागे टाकायचं नाही, पुढचा कितीही रेंगाळो. माथ्यावर पोचल्यावर बाई विचारतात, "मागे कोण?" शेपटाने म्हणायचं, "मागे कोणी नाही." त्यानंतरच डबे उघडायचे. आणि डबे खाऊन झाले की पाच मिनिटं डोळे मिटून गप्प बसायचं, मग एकेकाने काय ऐकलं ते सांगायचं.

पाच मिनिटं! पाय सारखे हलत होते. हिने गुडघ्यावर हात दाबून ठेवला तरी हलत होते. नंतर बाकीच्यांनी याद्याच वाचल्या. कोणी सहा पक्षी सांगितले, कोणी आठ. टेलरने तर वाळक्या गवतातली किड्यांची किरकिर सांगितली. (टेलर म्हणजे आमच्याच बाजारात ज्यांचं दुकान आहे ते. जाड भिंगांचा चष्मा, दुखरे गुडघे.) मी ऐकलं एवढंच, दूर कुठेतरी खोडावर ठोक ठोक ठोक. "सुतारपक्षी," बाई म्हणाल्या. "शाबास. फार लांब होता तो." बाकी सगळी शांतता. या लोकांना आपण निसर्गप्रेमी असल्याचं सिद्ध करायची घाई दिसते, वाट्टेल ते ठोकून देतात.

परतताना मी पुढे निघून गेलो आणि भलत्याच पायवाटेला लागलो. सगळ्यांना अर्धा तास माझी वाट बघावी लागली. शिट्टी दोनदा वाजवली म्हणे. बोलवायचंच होतं तर जोरात वाजवायची.

मंगळवार, १० जानेवारी

शिट्टीचा सोक्षमोक्ष लावला. घरी फुंकून बघितली तर नुसती फुसकी हवा. आतली गोळी अडकली असणार. पकडीने उघडली, कानस फिरवली, गोळी घासली, पुन्हा फुंकली. तेच. आठ-दहा वेळा फुंकल्यावर ही ओल्या केसांनी न्हाणीघरातून धावत आली, दोन्ही कानांवर हात. पाठोपाठ खालच्या मजल्यावरचे वकील दारात हजर. टीव्हीच्या आवाजावरून त्यांचं आणि माझं आधीच वाजलेलं आहे. आता म्हणतात, पोलीस आले की काय असं वाटलं. वकील माणूस, राईचा पर्वत करणं हा त्यांचा धंदाच.

मी शिट्टी खिशात टाकली. पत्रा हलका आहे, बनावट भिकार आहे. बाईंना सांगून पितळेचा भोंगा घ्यायला लावतो.

रविवार, १५ जानेवारी

बाईंनी मला शेपूट केलं!

टेलर सहा वर्षं शेपूट होते. आता गुडघे साथ देत नाहीत. त्यांनीच आपल्या हाताने माझ्या दंडाला फडकं बांधलं, टेलरच्या सफाईने. "कानामागून आलात आणि तिखट झालात, फोरमन," असं म्हणाले, पण हसत. बाईंचा डाव मला कळतो. जो सगळ्यांच्या पुढे पळतो त्याला सगळ्यांच्या मागे बांधायचं. कळूनही बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. कारखाना सुटल्यापासून कोणी माझ्यावर काही सोपवलं नव्हतं.

शेपूट होणं म्हणजे शिक्षा आहे. एकजण शेवाळ बघत बसतो, एकीची बुटाची नाडी सुटते, टेलर दर वळणावर बूड टेकतात. माझे पाय नुसते शिवशिवतात. मग युक्ती काढली, पाठी मोजायच्या. तेरा पाठी दिसल्या की पुढे. प्रेसवर पाळी सुटताना मी असाच माझ्या माणसांचे हात बघायचो. दहा बोटं, दहा बोटं, जा घरी. चौतीस वर्षांत माझ्या हाताखालच्या एकाचंही बोट गेलं नाही. कंपनीत असं सांगणारा दुसरा फोरमन नव्हता.

माथ्यावर बाईंनी विचारलं, "मागे कोण?" मी म्हटलं, "मागे कोणी नाही!" शॉपमधला आवाज बाहेर पडला. झाडावरून दहा-बारा पाखरं उडाली आणि सगळे हसले. हीसुद्धा हसली.

रविवार, २९ जानेवारी

एक गोष्ट कोणाच्या लक्षात आलेली नाही. पक्षी संपत चालले आहेत.

चार रविवार मी माथ्यावर कान देऊन बसतोय. सुतारपक्षी आहे, कावळे आहेत, बस्स. लहानपणी पाखरांच्या कलकलाटाने झोप मोडायची. आता घराच्या खिडकीसमोरच्या झाडावर चिमण्या बसतात, मी नीट निरखून बघितलं, चोची उघडतात, मिटतात, आवाज नाही. मुक्या झाल्यात. हवेत काहीतरी मिसळलेलं असणार. हे हिला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग उठून आत गेली. जाताना काहीतरी पुटपुटली. हिचं हल्ली हेच. सकाळी ओट्याकडे तोंड करून उभी राहते, माझ्याशी चकार शब्द नाही. पूर्वी किती बोलायची. मी घरी असतो याचा तिला वैताग येत असावा.

आणखी एक लिहायला हवं. आज माझी पाळी आली तेव्हा मी माझ्या आधीच्या माणसाचीच यादी थोडी खालीवर करून सांगितली. दरवेळी एकटा सुतारपक्षी सांगणं बरं दिसत नाही.

बुधवार, १ फेब्रुवारी

मुलीचा फोन. ही पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात आणि वर फोनच्या लाइनी रद्दी. दोन मिनिटं हो-हो करून फोन हिच्याकडे दिला. फोन ठेवल्यावर ही माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "अहो, एकदा कान दाखवून या ना. मी येते सोबत."

मी म्हटलं, "पन्नास पावलांवरून कुठल्या मशीनचं बेअरिंग गेलंय ते सांगायचो मी. अख्खी कंपनी माझ्या कानांवर चालायची."

"ती मशीन होती," ती म्हणाली. "मी काय पन्नास पावलांवर आहे?"

रागाने चपला घालून बाहेर पडलो. बाजाराला तीन चकरा मारल्या. टेलर दुकानात होते, त्यांनी हात केला, पण मी थांबलो नाही. थांबलो की डोकं चालू होतं.

रविवार, १२ फेब्रुवारी

वनखात्याला द्यायचं पत्र पूर्ण केलं. साडेतीन पानं. विषय: टेकडीवरील पक्षी नाहीसे होत असल्याबाबत. सोबत तक्ता जोडला, कुठल्या रविवारी, किती मिनिटांत, किती आवाज. तक्ता मी फार सुरेख आखतो. मंडळाचा शिक्का हवा म्हणून माथ्यावर बाईंना वाचायला दिलं.

बाईंनी सगळं वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "फोरमन, आत्ता या क्षणी काही ऐकू येतंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "तेच तर लिहिलंय."

त्यांनी आमच्या डोक्यावरच्या फांदीकडे पाहिलं. तिथे दोन-तीन पिवळी पाखरं उड्या मारत होती. बाईंचे डोळे भरून आले. पक्ष्यांचा त्यांना खरंच लळा आहे. पत्र त्यांनी नीट घडी घालून आपल्या पिशवीत ठेवलं.

शनिवार, १८ फेब्रुवारी

घरात भांडण. एवढं मोठं गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

सकाळी बाई स्वतः घरी आल्या. चहा घेतला, इकडचं-तिकडचं बोलल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून फडकं पुन्हा टेलरकडे द्यावं म्हणते. का, विचारलं, तर हिच्याकडे बघायला लागल्या. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिने वाचनालयात बाईंना गाठून सांगितलं होतं, यांना शेपूट करू नका, यांना ऐकू येत नाही.

माझ्या पाठीमागे माझी चहाडी! मी बाईंना म्हटलं, आजपर्यंत एक तरी माणूस हरवलाय का? उद्याचा रविवार मलाच द्या, मग हवं ते करा. बाई नको-नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही, शेवटी त्यांनी मान हलवली. हलवावीच लागली. त्यांच्याच हातून मी फडकं ओढून घेतलं होतं.

त्या गेल्यावर मी हिला म्हटलं, "तुला नीट बोलता येत नाही आणि दोष माझ्या कानांना?" हे म्हणायला नको होतं. ती दाराकडे गेली आणि तिथून पाठमोरी काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते विचारलं नाही. दिवसभर दोघांची अळीमिळी गुपचिळी.

रविवार, १९ फेब्रुवारी

ही दवाखान्यात आहे. घोटा दोन ठिकाणी मोडलाय. मुलगी आली आहे. आज काही लिहिणार नाही.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

लिहिलं नाही तर मी ते हळूहळू बदलून टाकीन. म्हणून लिहितो.

रविवारी ही पुढे बाईंबरोबर चालत होती, मी शेवटी. खाणीपर्यंत तेरा पाठी मोजल्या. वळणानंतर, जिथे पायवाट कोरड्या ओढ्याच्या कडेने जाते, तिथे बाराच दिसल्या. तेरावी हिची. ती बाईंच्याही पुढे गेली असणार असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर तिची पाठ मला बघायचीच नव्हती. कारखान्यात कोणी मला 'धरून चाललो' म्हणाला असता तर त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

ही पुढे नव्हती. वळणावर झुडपाच्या आड एका दगडावर बसली होती. मी येईन, दोघं दोन मिनिटं बसू, कालचं मिटवू, म्हणून मागे राहिली होती. तिने मला हाक मारली. "अहो, थांबा." मी दहा पावलांवरून सरळ पुढे गेलो. तिने पुन्हा हाक मारली. मी मान वळवली नाही. दंडाला लाल फडकं बांधून मी माझ्या बायकोला मागे टाकून गेलो.

थोडा वेळ ती तिथेच बसून राहिली. मग आम्हाला गाठायला म्हणून ओढ्यातून घाईने निघाली आणि गुळगुळीत दगडावरून घसरली.

माथ्यावर बाईंनी विचारलं, "मागे कोण?"

मी म्हटलं, "मागे कोणी नाही."

माणसं डबे सोडायला लागली. आणि एकदम सगळ्यांच्या माना वळल्या. बाराच्या बारा, खाली ओढ्याच्या दिशेला. मला वाटलं विमान असेल, मी वर बघितलं. आभाळ रिकामं होतं. टेलरांचे ओठ हलत होते, एक, दोन, तीन. मग थांबून पुन्हा एक, दोन, तीन. कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं आणि मला काही म्हणजे काहीही ऐकू येत नव्हतं. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. "फोरमन, तुमची बायको कुठे आहे?"

पळालो. पण कुठे पळायचं? आवाज कुठून येतोय हे एकट्या मलाच माहीत नव्हतं. भलत्या उतारावर निघालो होतो, टेलरनी बाही धरून मला वळवलं. ते दुखरे गुडघे घेऊन ते माझ्यापुढे उतरत होते, दर थोड्या वेळाने थांबून कान देत होते आणि हाताने इकडे, इकडे, असं दाखवत होते. मी आंधळ्यासारखा त्यांच्या मागे.

ती ओढ्यात बसली होती. तोंडात शिट्टी, चेहरा लालभडक, गाल फुगलेले. मी तिच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, ती जीव खाऊन फुंकत होती आणि मला ऐकू येत होती ती फुसकी हवा. माझ्या शिट्टीसारखीच.

दवाखान्यात प्लास्टर चढल्यावर तिने माझा हात धरून जवळ बसवलं. माझ्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "मी हाक मारली तेव्हा वळला नाहीत, ते रागानेच ना?"

क्षणभर वाटलं, हो म्हणावं. रागावलो होतो म्हणालो असतो तर कान शाबूत राहिले असते. मनात आलं, हे कबूल करतो.

"नाही," मी म्हटलं. "मला ऐकूच आलं नाही."

तिने डोळे मिटले आणि रडायला लागली. मुलीला वाटलं पाय दुखतोय, ती नर्सला बोलवायला धावली. मला कळलं की ही सुटल्यासारखी रडतेय. दोन दिवस तिला वाटत होतं की नवऱ्याने मुद्दाम मागे टाकलं.

सोमवार, २७ फेब्रुवारी

कान तपासून आलो. एका लहानशा काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर डब्या लावतात. आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बसून राहिलो आणि शेवटी काचेबाहेर बसलेल्या, तपासणी घेणाऱ्या मुलीला खूण केली की तुमचं यंत्र बंद पडलंय. ती हसली नाही. तिथेच मला समजलं.

आलेख दाखवला. डावीकडे ठीक आहे, मग पुढे रेघ जिना उतरावा तशी खाली खाली. जाडे आवाज येतात, बारीक आवाज येत नाहीत. ठोकणं, घरघर, बेअरिंग, हे सगळं येतं. शिट्टी, पाखरं, बायका-मुलांचं बोलणं, हे जातं.

"काम कशाचं होतं?" तिने विचारलं.

"प्रेस शॉप."

"कानात बोळे घालायचात?"

कंपनीने दिले होते, खोकेच्या खोके. मीच घालू देत नव्हतो. पोरांना ओरडायचो, बोळे काढा, मशीन काय म्हणतेय ते ऐकू आलं पाहिजे. चौतीस वर्षं मी त्यांची बोटं मोजली. संध्याकाळी कारखान्याच्या गेटपर्यंत गेलो. आता जो फोरमन आहे तो माझ्याच हाताखाली तयार झालाय. त्याला म्हटलं, खोकी उघड आणि बोळे वाट. तो म्हणाला, काय? मी पुन्हा सांगितलं, तो पुन्हा म्हणाला, काय? वय त्याचं बेचाळीस.

रविवार, ५ मार्च

फडकं परत करायला मंडळात गेलो. जाववत नव्हतं, हिने खुर्चीतून जवळजवळ ढकललं. माथ्यावर पाच मिनिटांनंतर माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, "मला काही ऐकू आलं नाही. आधीही येत नव्हतं. मी तुमच्या याद्या चोरत होतो."

टेलर म्हणाले, "आणि मला त्यातला एक पक्षी दिसेल तर शपथ. सहा वर्षं दुर्बीण हातात घेतो, सगळं हिरवं दिसतं आणि मान डोलावतो." सगळे हसले, मीही हसलो. निघताना बाईंनी माझं साडेतीन पानांचं पत्र परत दिलं. कुठेही पाठवलं नव्हतं. "तक्ता फार सुरेख आखलाय," म्हणाल्या. ते या वहीत ठेवलंय.

मंगळवार, १४ मार्च

यंत्रं संध्याकाळी मिळणार होती, दुपारीच मिळाली. दोन्ही कानांमागे एकेक, पावट्याएवढी. मुलीने घराखाली सोडलं. जिना चढताना मागून कोणीतरी येतंय म्हणून दोनदा वळून बघितलं. माझ्याच चपला.

दार लोटून आत आलो. पहिली गोष्ट ऐकली ती म्हणजे न्हाणीघरातला नळ ठिबकतोय. डिसेंबरात मीच दुरुस्त केलेला. मग दुसरा, तोही माझाच.

स्वयंपाकघरात ही खिडकीशी पाठमोरी बसली होती, प्लास्टरचा पाय स्टुलावर, मांडीत मटाराच्या शेंगा. ती बोलत होती. मला वाटलं फोनवर असेल. फोन टेबलावर होता. मी दारातच थांबलो.

"आलात का," ती म्हणत होती, माझ्याकडे न बघता, शेंगा सोलता सोलता. "चपला काढा. आज पाय जरा कमी ठणकतोय. त्या चिमण्यांनी बघा, कौलाखाली काडी-काडी आणलीय सकाळपासून. खिडकीची कडी तुम्ही उलटी बसवलीय, पण राहू द्या, सवय झाली मला. वाचनालयातून फोन आला होता, म्हणतात घाई करू नका. मलाही नाहीच आहे घाई."

उत्तराची वाट न बघता ती एकातून दुसऱ्यात जात होती. मध्ये थांबायची, तेही माझ्यासाठी नाही, शेंग उघडेना म्हणून. ही रोजची सवय होती, आजची नव्हती. ओट्याकडे तोंड करून ती रोज सकाळी हेच करत असणार आणि मी मागे टेबलाशी बसून, ही माझ्याशी बोलत नाही म्हणून वहीत लिहीत होतो. किती वर्षं, ते मी मोजायला गेलो आणि मध्येच सोडून दिलं.

"कंटाळलात ना," ती म्हणाली, आधीपेक्षा हळू, "माझ्यापाशी असं दिवस दिवस बसून?"

"नाही," मी म्हटलं.

शेंग तिच्या बोटांत अर्धी उघडलेली तशीच राहिली. खिडकीबाहेर चिमण्यांचा केवढा गोंगाट चालला होता. ती वळली नाही. मग अगदी बारीक आवाजात, वाचनालयातल्यापेक्षाही बारीक, पारख करून बघावी तसं तिने विचारलं,

"मागे कोण?"

"मी आहे," मी म्हटलं.

मग खुर्ची ओढून तिच्यासमोर मटार सोलायला बसलो. खुर्ची फार करकरते. तिला तेल घालायचं नाही असं ठरवलंय.